कर्णधाराविना होडी



भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला एक सवय जडते. बातमी वाचताना तो आधी तिचे वाक्य वाचतो आणि आशय त्याच्या मागोमाग पोहोचतो. 'चालकाविना धावणारी होडी नदी स्वच्छ करणार' अशा अर्थाचे मथळे अलीकडे वाचायला मिळू लागले, तेव्हा माझे असेच झाले. कर्ता होडी, कर्म नदी, क्रियापद 'स्वच्छ करणे'. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि तरीही त्यात काहीतरी कमी आहे असे मला वाटत राहिले. काय कमी आहे, याचा शोध या लेखात आपण मिळून घ्यायचा आहे. आपल्यापैकी कोणी शेती करत असेल, कोणी अंगणवाडी चालवत असेल, कोणी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कामाला असेल. दिवसभराचे काम आटोपून रात्री ही पुस्तिका उघडणाऱ्या प्रौढ वाचकाला नदीविषयी मी नवे काय सांगणार? पण ज्या शब्दांनी आपण नदीविषयी बोलतो, त्या शब्दांकडे थोडे थांबून पाहणे हा आपल्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

मी राहतो ते मोडनिंब गाव माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर आहे. गावाला नदी नाही. भीमा आमच्यापासून दूरवरून वाहते. तरीही आमच्या भागातील बोलण्यात एक धरण अखंड भरत आणि आटत असते. पावसाळ्यात चहाच्या टपरीवर, बाजारात, एसटीच्या थांब्यावर पहिला प्रश्न असतो, 'उजनी किती टक्के?' आणि उन्हाळ्यात उत्तर येते, 'मायनसमध्ये गेली.' धरण उणे कसे होऊ शकते, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. आम्हाला पडत नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात, म्हणजे यशवंतसागरात, काठोकाठ भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातील सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपून पाणी त्या रेषेच्या खाली उतरले की टक्केवारी उणे होते. मोजमापाची ही तांत्रिक संज्ञा शाळेची पायरी न चढलेल्या माणसांच्या तोंडीही सहज रुळली आहे. समाजाला ज्या गोष्टीची खरी गरज असते तिच्यासाठी तो शब्द कोठूनही उचलतो, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

पाणी किती आहे, हे सांगण्यासाठी आमच्याकडे अशी नेमकी भाषा आहे. पाणी कसे आहे, हे सांगण्याची भाषा मात्र सैल आहे. 'पाणी खराब झाले', 'पाणी हिरवे पडले', 'नदी प्रदूषित झाली' अशी वाक्ये आपण बोलतो. ही सगळी वाक्ये अकर्मक आहेत. 'झाली' या क्रियापदाला करणारा लागत नाही. ऊन पडते, संध्याकाळ होते, तशी नदी प्रदूषित होते. 'प्रदूषण' हा शब्द 'दुष्' या धातूपासून आला आहे आणि 'दोष' हा शब्दही त्याच कुळातला. शब्दाच्या पोटात दोष आहे, पण वाक्यात दोषी नाही. भाषेने ही सोय आपल्याला दिली आणि आपण ती मनसोक्त वापरली.

आता हेच वाक्य कर्त्यासह लिहून पाहू. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा आणि मुठा यांचा संगम पुण्यात होतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते आणि मुळा-मुठेचा एकत्रित प्रवाह पुढे दौंड तालुक्यात भीमेला मिळतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन महानगरे, त्यांच्या परिसरातील कारखाने, वाटेवरील गावे आणि उसाच्या शेतांतून वाहून येणारी खते या सर्वांचा निचरा शेवटी उजनीच्या जलाशयात उतरतो. तेथून तो कालव्याने आमच्या तालुक्यातील शेतात येतो, नदीपात्रातून पंढरपूरला जातो आणि पुढे सोलापूर शहराच्या नळापर्यंत पोहोचतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, आणि कोणत्याही एका राज्यासाठी हा आकडा सर्वांत मोठा होता. म्हणजे 'नदी प्रदूषित झाली' या तीन शब्दांच्या वाक्याचा कर्ता काही लाख घरांमध्ये, शेकडो कारखान्यांमध्ये आणि अनेक कार्यालयांमध्ये विखुरलेला आहे. तो विखुरलेला असल्यामुळेच वाक्यातून सहज गळून पडतो.

या गळालेल्या कर्त्याच्या जागी आता एक होडी येऊ पाहत आहे. तिची ओळख करून घेणे न्यायाचे होईल.

मेघालयात शिलाँगजवळ उमियम नावाचे सरोवर आहे. तेही उजनीसारखे धरणाचेच पाणी. १९६०च्या दशकात विजेसाठी नदी अडवून ते तयार झाले. शिलाँग शहरातून वाहणाऱ्या उमख्रा आणि उमशिर्पी या नद्या शहराचा कचरा घेऊन त्या सरोवराकडे येतात. शहर वर, जलाशय खाली, ही रचना आपल्या ओळखीची आहे. २०२४ साली या सरोवरात हाँगकाँगच्या क्लिअरबॉट या नवउद्योगाची चालकाविना चालणारी, विजेवरची होडी कचरा वेचण्यासाठी उतरवण्यात आली. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे तयार झालेली 'वेस्टशार्क' ही अशीच दुसरी होडी. व्हेल शार्क हा प्रचंड मासा तोंड उघडे ठेवून पोहतो आणि वाटेत येणारे अन्न पोटात घेतो. त्याच्यावरून तिची कल्पना सुचली. तीही तोंड उघडे ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावरचा कचरा गिळत पुढे सरकते.

यंत्राची रचना समजायला फार अवघड नाही. बहुतेक अशा होड्यांना दोन समांतर तळ असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते. त्या मोकळ्या जागेत जाळीची टोपली बसवलेली असते किंवा पाण्यात उतरता ठेवलेला फिरता पट्टा असतो. दोन्ही बाजूंना एकेक पंखा. उजवा पंखा जोरात फिरला की होडी डावीकडे वळते आणि डावा फिरला की उजवीकडे. बैलगाडीच्या एका बाजूच्या बैलाने जोर केला की गाडी दुसऱ्या बाजूला वळते, तसेच हे. उपग्रहाच्या संकेतांवरून होडीला आपली जागा कळते. कॅमेरा आणि अंतर मोजणारी साधने यांच्या आधारे समोर बाटली आहे, खडक आहे की पक्षी, याचा ती अंदाज घेते. काही होड्यांवर पाण्याचे तापमान, गढूळपणा, आम्लता आणि विरघळलेला प्राणवायू मोजणारी उपकरणेही असतात.

सगळ्या पृष्ठभागावरून जाण्यासाठी होडी कोणता मार्ग घेते, ही गोष्ट मला विशेष आवडली. ती एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरळ जाते, तेथे वळते आणि आधीच्या रेषेला लागून परत येते. यंत्रमानवशास्त्रात या चालीला 'बुस्ट्रोफेडॉन' असे ग्रीक नाव आहे. त्याचा अर्थ 'बैल वळतो तसे'. हा शब्द लिपीच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून परिचित आहे. प्राचीन ग्रीक शिलालेखांतील काही लेखन एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे जाते. त्या पद्धतीचे हे नाव. आमच्या शिवारात नांगराचे एक तास संपले की बांधाशी बैल वळवून दुसरे तास धरतात. ग्रीसमधील दगडावरचे अक्षर, माढा तालुक्यातील नांगरट आणि संगणकाने हाकलेली होडी या तिन्ही ठिकाणी एकच युक्ती आहे. जागा पूर्ण व्यापायची आणि फेरा वाया घालवायचा नाही. नवे यंत्र पाहून बिचकणाऱ्या माणसाला मी हेच सांगेन की यातील अर्धे ज्ञान आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते.

उरलेले अर्धे मात्र नवे आहे, आणि ते समजण्यासाठी दोन मराठी शब्दांतील फरक पाहावा लागेल. वृत्तपत्रे या होडीला कधी 'स्वयंचलित' म्हणतात तर कधी 'स्वायत्त'. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. शेतातल्या मोटारीला बसवलेला 'ऑटो' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. ती स्वयंचलित आहे. विहिरीत पाणी आहे की नाही, शेताला ते हवे आहे की काल पाऊस पडून गेला आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. 'स्वायत्त' या शब्दातील 'आयत्त' म्हणजे अधीन, म्हणून स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच अधीन असलेला. परिस्थिती पाहून आपल्या कृतीत बदल करण्याचा अधिकार त्यात गृहीत आहे. समोर पाणकोंबडी दिसली म्हणून थांबणारी, विद्युतघटातील वीज संपत आली म्हणून काठाकडे परतणारी होडी काही प्रमाणात तरी स्वायत्त आहे.

पण मराठीत 'स्वायत्त' हा शब्द यंत्रांच्या आधी संस्थांसाठी रूढ झाला. स्वायत्त महाविद्यालय, स्वायत्त मंडळ, स्थानिक स्वराज्य संस्थांची स्वायत्तता. या प्रत्येक प्रयोगात एक अट न बोलता अंतर्भूत असते. जो स्वायत्त आहे त्याने हिशोब द्यायचा. महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली की प्रश्नपत्रिका काढण्याचा हक्क मिळतो आणि निकालाची जबाबदारीही येते. होडीला निर्णयाचा हक्क देता येतो, पण जबाबदारी तिच्या टोपलीत मावत नाही. एखाद्या तलावातील कचरा निघाला नाही, तर आपण होडीला जाब विचारू शकत नाही. शब्द संस्थेकडून यंत्राकडे सरकताना त्याचा अर्धा अर्थ काठावरच राहिला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

याच संदर्भात आणखी एका शब्दाचा प्रवास सांगतो. 'कर्णधार' म्हटले की आज आपल्यासमोर क्रिकेटचा संघ उभा राहतो. संस्कृतात 'कर्ण' या शब्दाचा एक अर्थ नावेचे सुकाणू असा आहे. ते धरणारा तो कर्णधार. 'सुकाणू' हा शब्द मराठीत अरबीतून आला, आणि आता तो बहुधा 'सुकाणू समिती'त भेटतो. युरोपातही असेच घडले. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने यंत्रे आणि सजीव स्वतःचे नियंत्रण कसे करतात याचा अभ्यास करणाऱ्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले. ते सुकाणू धरणाऱ्या नावाड्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतले होते. त्याच मुळातून लॅटिनमार्गे इंग्रजीतील 'गव्हर्नर' हा शब्द निघाला. म्हणजे होडी हाकणे आणि राज्य चालवणे यांसाठी माणसाने एकच रूपक वापरले. आज होडीतून नावाडी उतरला आहे. सुकाणू मात्र संपलेले नाही. ते समितीच्या टेबलावर, अंदाजपत्रकाच्या कागदावर आणि निविदेच्या अटींत गेले आहे. नदीचे बरेवाईट तेथे ठरते. नावाड्याला आपण घाटावर नावाने ओळखत होतो. या नव्या कर्णधारांना ओळखणे अवघड झाले आहे.

आता होडीच्या कामाकडे पाहू. ती नदी 'स्वच्छ' करते असे आपण म्हणतो. 'अच्छ' म्हणजे पारदर्शक, आणि 'स्वच्छ' म्हणजे चांगला पारदर्शक, ज्यातून आरपार दिसते असा. 'निर्मळ' म्हणजे ज्यात मळ नाही असा. हे दोन गुण एकत्र असतीलच असे नाही. वरवर नितळ दिसणाऱ्या पाण्यात रोगजंतू आणि रसायने असू शकतात, आणि पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात कदाचित केवळ माती असेल. होडी तरंगणारा कचरा उचलते. बाटल्या, पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्य. हे काम क्षुल्लक नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार नद्यांमार्गे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लॅस्टिक जगातील हजाराहून अधिक नद्यांमधून जाते, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या अनेक लहान नद्या आहेत. नदीतच ते अडवले तर समुद्र वाचतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २०१४ साली एका प्रवाहाच्या मुखाशी पाण्याच्या आणि सूर्याच्या शक्तीवर फिरणारे कचरा उचलणारे चाक बसवले गेले. त्याला मोठे डोळे लावून लोकांनी 'मिस्टर ट्रॅश व्हील' असे नावही दिले. लोक ते पाहायला येऊ लागले आणि आपण टाकलेला कचरा मोजून समोर आलेला पाहू लागले. यंत्राचा एक मोठा उपयोग असा दाखवण्याचाही असतो.

पण उजनीचे मुख्य दुखणे तरंगत नाही, ते विरघळलेले आहे. सांडपाण्यातील आणि खतांतील नत्र व स्फुरद पाण्यात मिसळतात, त्यावर शेवाळ माजते आणि पाणी हिरवे होते. ते शेवाळ कुजले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. याच अन्नावर जलपर्णी पोसते. तिला कोल्हापूर-सांगलीकडे 'केंदाळ' म्हणतात. 'जलपर्णी' हा शब्द कानाला गोड आहे, पण पात्रावर पसरलेले ते हिरवे ओझे ज्याने पाहिले त्याला 'केंदाळ' हाच शब्द खरा वाटेल. दक्षिण अमेरिकेतून फुलांच्या हौसेपायी जगभर नेलेली ही वनस्पती अनुकूल स्थितीत दोन आठवड्यांत दुपटीने वाढू शकते. तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते. तिच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो, त्यामुळे उपसताना आपण मुख्यतः पाणीच वाहून नेतो. लहान चालकरहित होडीचे पंखे अशा दाट गुंत्यात अडकतात. तेथे मोठी कापणी यंत्रे लागतात, आणि ती आजही बहुतांशी माणसेच चालवतात.

जलपर्णी हा रोग मानला तर आपण ती उपसत राहू. ते लक्षण मानले तर पुण्याच्या दिशेने पाहावे लागेल. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ साली मार्गी लागली. तिच्यात रोज ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करू शकतील असे ११ प्रकल्प योजले गेले. त्याच वर्षी राज्य शासनाने पंढरपूरच्या नदीसाठी 'नमामि चंद्रभागा' अभियान जाहीर केले. पाण्याच्या प्रदूषणाला प्रतिबंध करणारा कायदा तर १९७४ सालापासून अस्तित्वात आहे. या योजनांतील आकडे आणि होडीच्या टोपलीत मावणारा कचरा यांची तुलना करून पाहा. सांडपाण्याची नळी बंद करणे हे नदीचे मूळ काम आहे, आणि होडी ही घराचा केर काढणारी केरसुणी आहे. केरसुणी प्रत्येक घरात हवीच. छत गळत असताना मात्र केवळ केरसुणीवर घर राहत नाही.

मग ही होडी नकोच का? या प्रश्नापाशी मी अधिक सावधपणे थांबतो, कारण येथे केवळ पाण्याचा प्रश्न राहत नाही, तो माणसाच्या देहाचा होतो.

आपल्या भाषेत कारखाने येण्यापूर्वीही पाणी बिघडत असे. तेव्हा त्यासाठी 'बाटणे' आणि 'विटाळणे' ही क्रियापदे होती. पाणी बाटत असे ते माणसाच्या स्पर्शाने, आणि कोणत्या माणसाच्या, हे जात ठरवत असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी पंचगव्याने ते तळे 'शुद्ध' केले. पाण्यात काहीच मिसळले नव्हते, तरी ते अशुद्ध ठरले, आणि शेण-गोमूत्र मिसळल्यावर ते शुद्ध ठरले. त्या तळ्यावरील सर्वांच्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. या इतिहासाची दुसरी बाजू अशी की ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे समाजाने मानले, त्यांच्याच हातांना समाजाने सगळी घाण उपसायला लावले. स्पर्श नाकारायचा आणि स्पर्शाचे सर्वांत वाईट काम मात्र त्यांनाच द्यायचे, ही आपल्या व्यवस्थेची रीत होती. ती पुरती भूतकाळात जमा झाली आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

काही वर्षांपूर्वी संपर्कसत्रात माझा एक विद्यार्थी होता. वय चाळिशीच्या आसपास. नदीकाठच्या एका नगरपालिकेत सफाईचे काम करत असे. व्यवसायबोलीवरील प्रकल्पासाठी मी प्रत्येकाला आपापल्या कामातील शब्द गोळा करायला सांगितले होते. त्याने तीस-पस्तीस शब्द आणले. गाळाचे प्रकार, वासाचे प्रकार, दोराच्या गाठी, यात्रेनंतर पाण्यात सापडणाऱ्या वस्तू. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर पायाखाली काच आहे की शिंपला हे कसे ओळखायचे, यासाठीही त्यांच्यात एक शब्द होता. तो शब्द मी येथे लिहीत नाही, कारण तो त्यांच्यातला आहे आणि त्याने तो संकोचतच सांगितला होता. त्याच्या पोटऱ्यांवर खरजेचे डाग होते. हातमोजे आणि बूट मिळत नाहीत का, असे मी विचारले. 'कागदावर मिळतात, सर,' तो म्हणाला. वर्गात कोणीतरी अशा यांत्रिक होडीचा विषय काढला, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'यंत्र आलं तर बरंच होईल. पाण्यात उतरावं लागणार नाही. पण ते मला चालवायला देतील का?'

चालकच नसलेल्या होडीविषयी हा प्रश्न होता, आणि तरी तो अगदी बरोबर होता. कारण अशा प्रत्येक होडीमागे काठावर माणूस लागतोच. टोपली रिकामी करायची, पंख्यात अडकलेली दोरी सोडवायची, विद्युतघट बदलायचा, पडद्यावर तिची वाट पाहायची, गोळा झालेला कचरा निवडून पुढे पाठवायचा. पाण्याचे वळण, भोवऱ्याची जागा, कचरा अडकण्याचे ठिकाण ज्याला बारमाही ठाऊक आहे, त्याच्यापेक्षा या कामाला योग्य माणूस कोण? तरीही अशी यंत्रे येतात तेव्हा त्यांच्यासोबत ती चालवणारे तंत्रज्ञही बहुधा बाहेरून येतात, आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलेला माणूस कंत्राट संपले म्हणून घरी जातो. तसे झाले तर होडीने त्याला पाण्यातून बाहेर काढले आणि त्याच दारातून कामावरूनही काढले, असे होईल.

२०१३ साली संसदेने केलेल्या कायद्याने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर आणि गटारे व मैलाटाक्या यांच्या धोकादायक सफाईवर बंदी घातली. त्या कायद्याच्या नावातच 'पुनर्वसन' हा शब्द आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो कायदा टाकीत उतरणाऱ्याला गुन्हेगार ठरवत नाही, त्याला उतरवणाऱ्याला ठरवतो. मराठी व्याकरणात यासाठी नेमकी जागा आहे. आपण प्रयोजक क्रियापदे अभ्यासली आहेत. 'नदी साफ होते' हे अकर्मक. 'मी नदी साफ करतो' हे सकर्मक. 'मी नदी साफ करवून घेतो' यात प्रयोजकता आहे, म्हणजे हात दुसऱ्याचे आणि इच्छा माझी. पहिल्या वाक्यात कोणीच जबाबदार नाही. दुसऱ्यात जो राबतो तोच दिसतो. खरी सत्ता तिसऱ्या वाक्यात असते, आणि आपल्या सार्वजनिक बोलण्यातून नेमके तेच वाक्य वगळले जाते.

लेखाच्या आरंभी मथळ्यात काहीतरी कमी वाटत होते, ते हेच होते. 'होडी नदी स्वच्छ करणार.' कोणाच्या इच्छेने? कोणाच्या खर्चाने? कोणाच्या रोजगाराच्या जागी? आणि नदी अस्वच्छ कोणी केली होती? घाण करणाराही अदृश्य आणि साफ करणाराही निर्जीव, अशी ही नदीची गोष्ट झाली तर तिच्यात माणूस फक्त प्रेक्षक उरेल. प्रेक्षक टाळी वाजवतो, घरी जातो आणि गणपतीनंतरचे निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडतो.

माझे मत विचाराल तर होडी यावी. उजनीच्या पाणलोटात, पंढरपूरच्या घाटावर, सोलापूरच्या तलावांवर, जिथे तिचा उपयोग आहे तिथे यावी. माणसाने विषारी पाण्यात उतरू नये म्हणून यावी. हे एकच कारण मला पुरेसे वाटते. मात्र ती येताना तीन गोष्टी लिहून याव्यात. एक, तिच्या टोपलीत काय आणि किती सापडले याची नोंद गावाला वाचता येईल अशा मराठीत दर महिन्याला लागावी. दोन, वरच्या शहरातून येणाऱ्या सांडपाण्याची मोजणी त्याच फलकावर, तिच्या शेजारी असावी. तीन, तिच्या काठावरचे काम शिकण्याचा पहिला हक्क आजवर पाण्यात उभे राहिलेल्यांचा असावा. उजनी किती टक्के भरली हे ज्या समाजाला रोज तोंडपाठ असते, त्या समाजाला उजनी किती निर्मळ आहे हेही तोंडपाठ होऊ शकते. त्यासाठी आकडा त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि 'मायनस'सारखा एखादा शब्द त्याच्या बोलीत रुजला पाहिजे. तो शब्द विद्यापीठातून येणार नाही. तो चहाच्या टपरीवर तयार होईल, आणि आपल्यापैकीच कोणीतरी तो पहिल्यांदा उच्चारील.

शेवटी एक स्वाध्याय. आपल्या गावातील ओढा, नाला, तळे किंवा नदी यांविषयी लोक बोलतात ती दहा वाक्ये आठवडाभर ऐकून वहीत उतरवा. त्यांतील किती वाक्यांना कर्ता आहे ते मोजा. ज्या वाक्यांना नाही, ती कर्त्यासह पुन्हा लिहा. कर्ता 'आम्ही' असेल तर 'आम्ही' लिहा, आणि दुसरा कोणी असेल तर ज्याने केले त्याला किंवा ज्याने करवून घेतले त्याला वाक्यात त्याची जागा द्या. हा स्वाध्याय तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवण्याची गरज नाही. ग्रामसभेत वाचून दाखवला तरी चालेल.